पट्ट्याचं वरचं टोक

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, पैज लावायची तर लावा. ज्याच्यावर गुदरली त्याच्या बायकोलासुद्धा पटली नाही, आणि तिने तर त्याच्या थापांसकट त्याच्याशी संसार केला होता.

घरांचं सामान हलवायचा त्याचा धंदा. संध्याकाळी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत कोसळला. “आज जे सांगतो त्यावर तुझा विश्वास बसायचा नाही.”

“रोज कुठे बसतो?” बायकोने चहा पुढे सरकवला.

त्याची कंबर कामातून गेली होती. डॉक्टरने बजावलं होतं, आता ओझं उचललंत तर कायमचं अंथरूण धराल. आणि हे मुकादमाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी. तेव्हा बायकोच्या थोरल्या भावाने तोड काढली होती. हा दादा त्याच धंद्यातला, त्यांच्याच आतल्या खोलीत राहायचा. “भावोजी, जिन्यात तुम्ही खाली राहा. वरून पट्ट्याने सगळा भार मी पेलतो. तुम्ही नुसता हात लावा आणि जोरात कण्हा.”

जिन्यात मध्ये कपाट असलं की वरचा खालच्याला दिसत नाही. तिथे कपाटाला बांधलेला, दोघांच्या हातात एकेक टोक असलेला पट्टाच बोलतो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दिला तेवढाच हिसका परत आला, की समजायचं, वरच्याने ऐकलं.

दादा रोज याच्या आधी कामावर निघून जायचा. आज हा पोचला तेव्हा वरच्या मजल्यावरचं जुनं सागवानी कपाट जिन्याच्या तोंडाशी आडवं झुकलेलं होतं. पट्टा आवळलेला, ताठ.

“लागलास होय कामाला?” त्याने दोन हिसके दिले. दोन परत आले.

खाली निघालेल्या वस्तूला खाली जायची घाई असते. प्रत्येक पायरीला ती खांद्यावर येते, वळणावर तर छातीवरच बसते. या कपाटाला घाईच नव्हती. त्याने तळवा टेकवला, कपाटाने तेवढंच टेकवलं. त्याने बोट लावलं, तर पलीकडूनही बोटच लावल्यासारखं वाटलं.

वळणावर त्याने भीत भीत खांदा काढून घेतला.

कपाट उतारावर तिरकं उभं राहिलं. घसरलं नाही, करकरलंही नाही. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. वरून एरवी दादाचा श्वास ऐकू यायचा, धाप लागलेल्या बैलासारखा. आज काहीच नव्हतं.

“दादा, दमलास का रे?”

पट्टा जरासा हलला. त्याने विचारताना हलवला होता, तेवढाच.

कपाट खाली लागलं. कंबरेत कळ नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. पट्टा मात्र अजून ताठच होता, जिन्याच्या वळणाआड गेलेला. वर जाऊन बघायला चार पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. तेवढाही जीव उरला नव्हता.

त्याने गाठ सोडली. पट्टा खाली पडला नाही. टोक त्याच्या मुठीतच राहिलं, आणि तो थकून बोलून गेला, “उद्याही तूच ये रे. यापुढे तूच धर. माझ्याच्याने होत नाही.”

दोन हिसके आले.

या वेळी त्याने एकही दिला नव्हता.

मग मुठीतून टोक सुटलं आणि पायऱ्यांवरून सरपटत सावकाश वर गेलं.

इथवर सगळं खरं होतं. बायकोचा चेहरा मख्ख दिसला म्हणून त्याने पदरचं एवढंच घातलं, “आणि तुझा दादा वरून खो खो हसला.”

“खोटं,” ती म्हणाली. “आज तो उठलाच तुम्ही गेल्यावर, आणि उठताना त्याचा पाय मुरगळला. तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. दादा दिवसभर आत पडून आहे.”

आतल्या खोलीत खाट करकरली, आणि दादाने पाणी मागितलं.