दातावर दात

पहिल्यांदा तो आमच्या फ्रेमच्या दुकानात आला तो आईच्या फोटोची फुटकी काच बदलायला. "जरा सांभाळून हं... आई आहे," म्हणाला, आणि मी खळखळून हसले. मग सवयीनं तोंडावर हात नेला. माझा एक दात दुसऱ्यावर चढून बसलाय.

"हात कशाला?" त्यानं विचारलं. दिवसभर मला तेच आठवत राहिलं.

त्यानंतर त्याच्या घरातल्या फ्रेमा फारच फुटू लागल्या. "याच्या घरी माकड पाळलंय का?" बाबा चष्म्यावरून बघत म्हणायचे. मी मान खाली घालून काच कापायची.

मग एकदा तो बारा चित्रं घेऊन आला. "एआयकडून काढून घेतलीत. शुक्रवारी प्रदर्शन आहे." बसची रांग, ऑफिस, शाळेचा वर्ग... आणि प्रत्येक चित्रातल्या सगळ्या बायकांना एकच चेहरा! चाफेकळी नाक, एका रांगेतले दात. वर माझ्यासारखीच कानामागे पेन्सिल. माझीच नक्कल करायची हौस मेलीला!

"कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी खिळे असे ठोकले की बाबा म्हणाले, "अगं, त्या लाकडानं तुझं काय घोडं मारलंय?"

त्याच संध्याकाळी मी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी अकराला तार बसवायची. मामी पाच वर्षं मागे लागली होती, तेव्हा ऐकलं नव्हतं.

बुधवारी तो फ्रेमा न्यायला आला. "आज गप्प का?"

"उद्या दाताला तार बसतेय. मग मीही दिसेन सगळ्यांसारखी... तुमच्या त्या बाईसारखी."

त्यानं हातातली फ्रेम खाली ठेवली. "ती बाई... तुम्हीच आहात."

"काहीतरीच!"

"खरंच. मी एआयला लिहून दिलं – कानामागे पेन्सिल, दातावर दात. पेन्सिल मिळाली. दात मात्र त्यानं दर वेळी सरळ केला, नाकसुद्धा. किती विनवण्या केल्या! शेवटी चिडून तिचीच गर्दी केली. सगळ्यांना एका मापात बसवलं की हे असं होतं, म्हटलं लोकांनीही बघावं." त्याचे कान लाल झाले. "मला खरं तर तुमचा एक फोटो हवा होता. मागायचा धीर झाला नाही."

खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. त्यानं स्वतः पेन्सिलीनं काढलेली मी. नाक बटाट्यासारखं, एक डोळा वर, एक खाली. दात मात्र अगदी माझा.

"ही तेरावी. हिला फ्रेम कराल?"

मी माप घ्यायला लागले, ते दोनदा चुकलं. "ही प्रदर्शनात लावायची नाही हं. तुझ्या घरी लाव," मी म्हणाले. 'तू' कधी आलं, कळलंच नाही. "तिथे फ्रेमा फार फुटतात. मीच येत जाईन बघायला."

मग डॉक्टरांना फोन करून उद्याचं रद्द केलं, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्याच्याकडे बघून मनसोक्त हसले. भिंतीला टेकून त्या बाराही फ्रेमा बघत होत्या. बघू देत. आता जळायची पाळी त्यांची!