विहीर क्रमांक चौदा: हाय

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी तिथे होतो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. १८ एप्रिल २०१६. सोमवार. भर दुपार. उदगीरपासून बारा किलोमीटरवरचं एक गाव. नाव सांगणार नाही, तिथे माणसं राहतात.

माझं काम विहिरींवर रेडिओ मोडेम बसवायचं. दर पंधरा मिनिटांनी उदगीरच्या ऑफिसातलं यंत्र एकेका विहिरीला तिच्या नंबराने हाक मारतं. विहिरीवरचं मोडेम पाण्याचा आकडा सांगतं. त्या आकड्यावरून टँकर ठरायचे.

चौदा नंबरची विहीर ठणठणीत कोरडी होती.

१२:१५ हाक. उत्तर: ३.२ मीटर.

ऑफिसातून उमादेवी मॅडमचा फोन आला. "विरूपाक्ष, तुमच्या विहिरीत दोन पुरुष पाणी आहे. टँकर बंद होणार त्या गावाचा."

"मॅडम, मी काठावरच उभा आहे. तळाचे दगड दिसतात."

१२:३० हाक. उत्तर: ३.२

पाणी मोजायला विहिरीत सोडलेला सेन्सर मी वर ओढला. काढून खिशात घातला.

१२:४५ हाक. उत्तर...

३.२

मग बॅटरीची वायर काढली. मोडेमचा दिवा विझला.

१:०० हाक.

फोन वाजला. मी उचललाच नाही. काय आलं असेल ते कळलं होतं.

सरपंच गुरुपादप्पा हसले. "उदगीरचा नवा जिल्हा होऊ द्या साहेब, मग नळाला दूध येतंय. तवर आमचा टँकर तेवढा तोडू नका. चारशे माणूस हाय."

गावातली म्हातारी साखराबाई हसली नाही. बाभळीखाली बसून होती मघापासून.

"काय करायलंय तुमचं ते डबडं?"

"विहिरीला विचारतं, आजी. पाणी आहे का म्हणून."

ती उठली. माझं मनगट धरलं.

"नका इचारू."

"का?"

"माझी सून, नागाबाई. अंगानं हलकी. मागच्या दुष्काळात दोर बांधून तिलाच खाली सोडायचे. वाटीवाटीनं घागर भरायची. वरून इचारायचे, हाय का गं? ती खालून म्हणायची, हाय!"

"मग?"

"त्या दिशी बी म्हणत होती. घागरी रिकाम्याच वर येऊ लागल्या. आम्हाला वाटलं, चेष्टा करायलीय. शेवटी माणूस उतरला..."

तिने माझं मनगट सोडलं.

"कवाच थंड झाली होती. उतरलेला माणूस तिच्यापाशी बसलेला. अन् वरून कुणी तरी हाक मारली, हाय का गं? तर खालून तिचाच आवाज आला..."



मग हळूच म्हणाली, "पाणी हाय म्हणती का मी हाय म्हणती, ते कवाच कळलं न्हाई."

१:१५

ऑफिसने सांगितलं, हाताने मोजून पंचनामा आणा, तरच टँकर राहील. मी मोजपट्टी सोडली. वजन खाली दगडावर आपटलं. टण्ण. सगळ्यांनी ऐकलं. मी "कोरडी" असं लिहिलं, सही केली. गुरुपादप्पांनी केली, साखराबाईने अंगठा दिला.

सगळे सावलीला गेले.

मी एकटा पट्टी गुंडाळत होतो. आधी कोरडी. मग...

ओली.

थेंब गळत होते. कुठल्या आकड्यापर्यंत ओली होती, ते मी मुद्दाम पाहिलं नाही. कुणी बघायच्या आत पँटला पुसली.

टँकर चालू राहिला. चौदा नंबर यादीतून काढला. आता तिला कुणीच हाक मारत नाही.

ऊन त्रेचाळीसचं होतं. पँट धुतलीही नव्हती, तशीच दोरीवर टाकली होती. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "ही अजून ओली कशी?"

त्या पंचनाम्यावर माझी सही आहे. मी खोटं लिहिलं का...

अजून माहीत नाही.