वृषालीताईंची प्रकृती उत्तम

अमरावतीच्या प्रतिदेह केंद्रात दुपारी दोनला पाळी बदलायची. पावणेदोन वाजले की जाणारा कर्मचारी भिंतीवरचा फलक हिरवा करायला घ्यायचा. तसा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, तो तिथला शिष्टाचार होता. लाल दिवे तसेच ठेवून घरी जाणं म्हणजे खरकटी भांडी मोरीत टाकून जाणं, असं तिथे समजत.

फलकावरचा एकेक दिवा म्हणजे एकेक प्रतिदेह. साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या शरीराची एक चालती नक्कल सरकारने करून ठेवली होती. माणसाच्या बोटातली अंगठी नाडी, ताप, रक्तदाब कळवत राही आणि त्यावरून ही नक्कल, म्हणजे प्रतिदेह, पुढे काय होणार ते ताडत असे. प्रत्येक प्रतिदेहाला एक आभासी यंत्र दिलेलं होतं. आभासी यंत्र म्हणजे थोरल्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने थाटलेला छोटा, स्वतंत्र संगणक. चाळीत बिऱ्हाडं नांदतात तशी एकेका थोरल्या संगणकात चार हजार शरीरं नांदत होती. एखादं बिघडायला लागलं की दिवा आधी पिवळा, मग लाल व्हायचा आणि गजर वाजायचा.

अडचण एकच होती. गजर फार वाजायचे. कुणी जिना चढलं तरी लाल, कुणी सुनेवर चिडलं तरी लाल. दिवसाला तीस हजार वेळा 'लांडगा आला रे आला' ऐकल्यावर खुर्चीतून उठणार कोण? तेव्हा केंद्रप्रमुख डॉ. सायली गावंडे यांनी प्रतिदेहांना शिकायची सोय करून दिली. कर्मचाऱ्याने लाल दिवा हिरवा केला की प्रतिदेहाने समजायचं, आपला अंदाज चुकला, माणूस बरा आहे. मग त्याने आपलं गणित जरासं सुधारून घ्यायचं. सहा वर्षांत गजर चाळिसावर आले. सायलीताईंचे सत्कार झाले आणि तेव्हा ते कुणालाच खटकले नाहीत.

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. दुपारी एकच्या सुमारास रोशन इंगोले नावाचे गृहस्थ काखेत एक पार्सल घेऊन केंद्रात सायलीताईंकडे आले. वय साठीच्या आतबाहेर, चेहरा ओशाळलेला.

"मॅडम, माही बहीण चिखलदऱ्याले एकटी राह्यते. वृषाली इंगोले. भाऊबीजेची साडी पाठवली होती, ते वापस आली. दार बंद म्हणते पोस्टमन."

"फोन?"

"उचलत नाही. पण ते तशीच हाये, फोन कुठंबी ठेवते. आन् तुमचा मेसेज तर रोज सकाळी येते, 'वृषालीताईंची प्रकृती उत्तम'. आजबी आला. म्हटलं, विचारून तर पाहू."

सायलीताईंनी नाव शोधलं. दिवा हिरवागार होता. हृदय उत्तम, झोप सात तास, भूक चांगली. मग त्यांची नजर खालच्या बारीक ओळीवर गेली. 'अंगठी सदोष. अकरा दिवस.'

"सदोष म्हंजे?" रोशनभाऊंनी विचारलं.

"अंगठी नाडी शून्य दाखवतेय," सायलीताई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि प्रतिदेहाचं म्हणणं आहे की ते शक्य नाही."

त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. नोंदी मागे मागे उलगडत गेल्या तसं सगळं स्पष्ट झालं. गेल्या सहा वर्षांत वृषालीताईंचा दिवा शेकडो वेळा लाल झाला होता आणि त्यातल्या बहुतेक वेळा पावणेदोनला हिरवा झाला होता. तपासून नव्हे, फलक स्वच्छ द्यायचा म्हणून. त्या प्रत्येक वेळी प्रतिदेह एकच धडा शिकला, की बाई धडधाकट आहे. तो दिवसेंदिवस तरुण होत गेला आणि चिखलदऱ्यातली बाई म्हातारी होत गेली. हा शिष्टाचार सायलीताईंना ठाऊक होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना तो आवडलाही होता.

त्यांनी शेजारी राहणाऱ्या कासदेकरांचा नंबर मिळवून फोन लावला.

"ताई? त्या तर दिवाळीले भावाकडे गेल्या ना?" कासदेकर म्हणाले.

ताईंचे भाऊ इथेच बसलेत, दार उघडून बघा, असं सांगून सायलीताईंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि दोघं फोनपाशी बसून राहिले. पलीकडे पावलं वाजली, हाका झाल्या, कडी उचकटल्याचा आवाज आला.

"मॅडम," कासदेकरांचा आवाज आला, "भाऊच्या हातात फोन देऊ नका."

रोशनभाऊंनी ते ऐकलं. त्यांनी पार्सल दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि ते ढसाढसा रडू लागले. सायलीताई त्यांच्या शेजारी नुसत्या बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अंगठी शून्य दाखवत असताना प्रतिदेह एकट्याच्या बळावर तिला खोटं ठरवू शकत नाही. त्याला घरच्यांची साक्ष लागते. ती कुणी दिली?"

रोशनभाऊंनी खिशातून फोन काढून पुढे केला. रोज संध्याकाळी केंद्राकडून एक प्रश्न आला होता, 'ताई बऱ्या आहेत ना?' अकरा संध्याकाळी त्याखाली 'हो' दाबलेलं होतं.

"सकाळी तुमीच सांगता, उत्तम हाये. संध्याकाळी तुमीच विचारता. सकाळचा मेसेज पाहून मी हो दाबतो. मले काय मालूम, मॅडम? मले वाटलं, तुमाले मालूम हाये."

यंत्राने भावाचा शब्द मानला होता आणि भावाने यंत्राचा. दोघांचं छान जुळलं होतं. वृषालीताईंना मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

सायलीताईंनी संगणकाला विचारलं, अंगठी सदोष आणि दिवा हिरवा, अशी माणसं किती? उत्तर आलं, सहाशे तेरा. काहींच्या अंगठ्या खरंच बिघडलेल्या असतील. किती जणांच्या, ते इथे बसून कळणार नव्हतं. पावणेदोन झाले होते. ओजस नावाचा कर्मचारी सवयीने फलकाकडे वळला, तेव्हा त्या त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या.

मग त्यांनी यादीतला पहिला नंबर लावला. पुण्यातला एक मुलगा होता, त्याचे वडील अचलपूरला एकटे राहत होते.

"बाबा? मजेत आहेत की!" तो हसत म्हणाला. "सकाळीच तुमचा मेसेज आला. काही प्रॉब्लेम आहे का?"

रोशनभाऊंनी डोळे पुसले आणि सायलीताईंच्या हातातून फोन घेतला.

"दादा, मेसेज राहू द्या. तुमी त्यायचा आवाज शेवटचा कधी आयकला?"

"दिवाळीच्या आधी," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.