कलाघरातलं गाऱ्हाणं

प्रितेश हे लिहिणारच नव्हता. तीनदा मोबाईलवर सुरुवात केली, तीनदा खोडलं. शेवटी लिहायला बसला तो एका अटीवर, की गाऱ्हाण्याचे शब्द यात कुठेच येऊ द्यायचे नाहीत. बाकी जे जसं झालं तसं.

आरोंद्याला खाडीच्या काठावर एक बंद पडलेली काजूची फॅक्टरी आहे. पत्र्याची शेड, आत लांब हॉल, भिंतींना अजून भाजलेल्या टरफलांचा तेलकट वास. चार वर्षांपूर्वी तिथे प्रितेश आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त अनिश यांनी कलाघर काढलं. दोघांपैकी कोणीच हे कुठल्या कॉलेजात शिकलेलं नाही. प्रितेश वायरिंग, स्पीकर, रेकॉर्डिंग सगळं यूट्यूबवर बघून शिकला. अनिशचा हात रंगात चालायचा. दर मे महिन्यात पोरांचं शिबिर असतं. सकाळी मातीकाम, मग चित्रं, दुपारी पेज जेवून पोरं घरी. आणि महिनाभर एक प्रदर्शन.

यंदा अनिश नव्हता. गणपती झाल्यावर तो रेडीहून सुटलेल्या एका होडीवर गेला आणि होडी त्याच्याशिवाय परत आली. आठ महिने झाले, काही सापडलं नाही. त्याची आई तुळसाकाकी, तिने दिवस केले नाहीत आणि त्याचं अंथरूणही गुंडाळलं नाही. शिबिराची पेज मात्र तीच रांधायची. घरात बसवत नाही म्हणायची.

यंदाचं प्रदर्शन आवाजांचं होतं. हॉलच्या खिडक्यांना गोणपाटं लावून काळोख करायचा, बाकड्यावर बसायचं आणि ऐकायचं. विहिरीचा रहाट, गंगू मासेवालीची हाक, खाडीतल्या होडीचं इंजिन, जात्याची घरघर, आणि शेवटी गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे गावच्या देवाला, जागेवाल्याला म्हणजे जागेच्या राखणदाराला मोठ्याने घातलेली हाक. एक जण बोलतो आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आरोंद्यात हे काम गुणाजीआजोचं. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचा कुत्रा भुंकायचा थांबेल.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आजो माईकसमोर उभा राहिला आणि हात जोडायच्या आधीच अडला.

“नुसता दाखवूक गाऱ्हाणा घालूचा नसता रे. काय मागतंस ता सांग. नायतर मिया चललंय.”

प्रितेशने याचा विचारच केला नव्हता. शिबिर नीट पार पडू दे म्हणा, असं काहीतरी तो पुटपुटत होता, तेवढ्यात रांधपाच्या खोलीच्या दारातून तुळसाकाकी बोलली. हातात पेजेचा डाव तसाच.

“माझो झील घराक हाडूक सांग.”

मातीकाम शिकवणारी किशोरी खाली बघायला लागली. आजोने एकदा काकीकडे बघितलं, डोळे मिटले आणि तिच्या लेकाचं, अनिशचं नाव घेऊन घातलं गाऱ्हाणं. पोरांनी जोरात साथ दिली. नारळ फुटला. जाताना आजो प्रितेशला एवढंच म्हणाला की एकदा मागितलं, झालं, आता परत मागायचं नाही. प्रितेश व्हय म्हणाला. परत मागायचं त्याच्या मनातही नव्हतं.

प्रदर्शन सुरू झालं. पाचही आवाज एकामागून एक लागायचे आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. सगळं मिळून पाऊण तास. लाईट गेली नाही तर दहा ते पाच आठ-नऊ फेऱ्या व्हायच्या, ऐकायला कोणी असो नसो. माणसं यायची, गंगूची हाक ऐकून हसायची. स्वतः गंगू येऊन बसली आणि म्हणाली की माझा आवाज एवढा कर्कश असता तर माझे बांगडे कोणी घेतले असते काय. गाऱ्हाणं लागलं की म्हातारी माणसं बसल्या जागी हात जोडायची.

चौथ्या दिवशी तुळसाकाकी पेज ढवळताना गुणगुणत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा. दुपारी तिने डब्यात दोन डाव पेज घेतली, वर भाजलेला सुका बांगडा ठेवला. हे कोणाला, म्हणून किशोरीने सहज विचारलं.

“झिलाक,” काकी म्हणाली. “काल आयलो.”

किशोरीने हे प्रितेशला सांगितलं तेव्हा तिचे मातीचे हात तसेच होते, धुवायचं तिला सुचलं नव्हतं. दोघांनी ठरवलं की काकीला सावंतवाडीला डॉक्टरकडे न्यायचं. ते कसं बोलायचं याचा विचार करत प्रितेश संध्याकाळी तिच्या घरी गेला.

घर माडांच्या आत, कौलारू, तीन खोल्यांचं. काकी पडवीत बसली होती. तिने तोंडावर बोट ठेवलं. निजलाय, म्हणाली, फार दमून आलाय, उठवू नको. तेवढ्यात प्रितेशची नजर दोरीवर गेली.

दोरीवर एक शर्ट वाळत होता. निळ्या चौकटीचा, डाव्या बाहीवर पिवळ्या रंगाचा चिंचोक्याएवढा डाग. अनिश हरवल्याची तक्रार देताना प्रितेशनेच पोलिसांना शर्टाचं हे वर्णन सांगितलं होतं. शर्टातून पाणी ठिबकत होतं. त्याने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट होता.

तसले दोन शर्ट असतील, घरी जाताना त्याने स्वतःला समजावलं. रंगाचं काम करणाऱ्याच्या शर्टावर डाग असणारच. काकीने मिठाच्या पाण्यात भिजवला असेल. डोकं समजूत घालायला तयारच असतं.

दोन दिवसांनी दोरीवर चार शर्ट होते.

चारही निळ्या चौकटीचे. चारही बाह्यांवर तोच डाग, त्याच जागी, एका बाजूला तसाच फाटल्यासारखा. वरून दुसरं बटण चारहींचं तुटलेलं, आणि तिथे पांढऱ्या दोऱ्याचं तेवढंच टोक.

काकीचे डोळे आत गेले होते, पण तोंडावर हसू होतं. कलाघरातला मोठा टोप नेऊ का, विचारत होती. “चार जणांक पुरणा नाय रे.”

प्रितेश टोप स्वतः उचलून घेऊन गेला. उंबऱ्याशी टोप ठेवताना आतल्या काळोखात कोणीतरी खोकलं. रंग ढवळताना टर्पेंटाईन नाकात गेलं की अनिश असाच खोकायचा, दोनदा, मग जरा थांबून एकदा. खरं सांगायचं तर प्रितेशला भीतीच्या आधी आनंद झाला. तो घरी गेला आणि तीन तास कोणाशी बोलला नाही, की बोललं तर हे मोडेल.

नवव्या दिवशी गुणाजीआजो प्रदर्शन बघायला आला. काठी बाकड्याला टेकवून बसला. रहाट ऐकला, गंगू ऐकली, स्वतःचा आवाज लागला तेव्हा जरा हसला. गाऱ्हाणं संपलं. आजो उठायला लागला आणि रहाट पुन्हा सुरू झाला. तो तसाच अर्धा उठलेला थांबला.

“ह्या परत लागतला?”

लागतो, प्रितेश म्हणाला, दिवसभर लागतो.

“कितके दिवस?”

“नऊ.”

आजो हळूच खाली बसला. ओरडला नाही. बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिला.

“मिया एकदाच मागलंय,” तो म्हणाला. “तू कितके वेळा मागलंस?”

प्रितेशने वायर उपटली. फाईल म्हणजे फाईल, मागणं नव्हे, असं त्याला वाटत आलं होतं. आता त्या काळोखात उभं राहून तो मनात आकडा मांडायला लागला आणि पन्नासच्या पुढे गेल्यावर थांबला.

आजोने सांगितलं ते थोडक्यात असं. जे वाटेवर आहेत ते आता येणारच, लांबून यायचं म्हणजे वेळ लागतो. त्यातला एक तुळसाने मागितलेला, तो तिचा. बाकीचे प्रितेशचे. मागणं त्यानेच परत घ्यायचं, एकेकाचं. पण त्याच्या आधी एक काम, आणि ते एकदाच, कारण ठेवतो म्हटलेला परत जात नाही.

“जेका ठेवतलंस तेका आदी शब्द दी. शब्द दिलेलो मगे जाणा नाय. म्हणान सांगतंय, एकाकच.”

प्रितेश दुपारीच गेला. मे महिन्यातली दुपार, माडाचं एक पातं हलत नव्हतं. दोरी भरली होती. कुंपणाच्या दगडी गडग्यावर शर्ट, करवंदीच्या जाळीवर शर्ट, विहिरीच्या कठड्यावर शर्ट. एवढ्या उन्हात एकही वाळलेला नव्हता.

काकी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात चुलीने भाजलेले, हळद लावलेली. प्रितेशने आजोचं बोलणं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“एक ऱ्हवांदे माझो,” ती म्हणाली. “पण खंयचो माझो ता माका कळणा नाय. आवशीक कळणा नाय रे. तू तेचो दोस्त. तुका कळतला.”

प्रितेश आत गेला. माजघरात काळोख होता आणि ओहोटीच्या चिखलाचा वास. पायाखालची जमीन ओली. त्याने बत्ती लावली नाही.

खरा अनिश ओळखायला त्याने एक गोष्ट ठरवून आणली होती. कलाघराची भिंत रंगवायच्या आधी अनिशने विटकरीने तिच्यावर एका पोरीचं नाव लिहिलं होतं आणि मग त्यावर पिवळा रंग मारला होता. हे फक्त दोघांना माहीत. त्याने काळोखाला विचारलं, ते नाव काय.

कोपऱ्यातून उत्तर आलं. बरोबर होतं.

माळ्यावरून आलं. तेही बरोबर.

मग दाराच्या मागून, कोनाड्याच्या बाजूने, अगदी त्याच्या गुडघ्यापाशी. तोच आवाज, तसाच थोडा लाजलेला.

प्रितेश भिंतीला टेकला.

“प्रित्या,” कोपऱ्यातला म्हणाला. “माका ठेव.”

मागच्या पावसाळ्यात अनिश हेच म्हणाला होता. कलाघराच्या पायरीवर बसून. माका हंयच ठेव, माका पाण्यात जावचा नाय. आणि प्रितेशने सांगितलं होतं की यंदा पगार द्यायला जमणार नाही, दिवाळीनंतर बघू. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. काकीलाही नाही.

“तुकाच ठेवतंय,” प्रितेश म्हणाला.

कोपरा शांत झाला. कोणीतरी दमलेलं माणूस अंग टाकतं तसा आवाज आला.

“प्रित्या,” माळ्यावरचा म्हणाला. “माका ठेव.”

आजोने काय बजावलं होतं ते त्याला आठवत होतं, शब्दन् शब्द.

“तुकाच,” तो म्हणाला.

मग दाराच्या मागच्याला. कोनाड्यापाशी होता त्याला. गुडघ्यापाशी होता त्याला, खाली वाकून, हळू.

बाहेर पडवीत काकी कोणाला तरी ये म्हणाली. पायरीवर ओले पाय घासल्याचा आवाज आला. उंबऱ्यात कोणीतरी येऊन उभं राहिलं, दमलेलं, श्वास लागलेला. त्याने काही मागायच्या आधीच प्रितेश त्या बाजूला तोंड करून म्हणाला, “व्हय रे. तुकाच ठेवतंय.”