नानांनी मोजलेले गिअर

जेट्टीवर फिरायला जायचंय? जा की सकाळी. जेट्टी काही पळून जात नाही. आता मुकाट बसा इथं ओटीवर. दिपेश, मघाशी तू गाडी लावलीस ना, तेव्हा बघत होतो मी. दांडा पीवर, म्हणजे पार्किंगवर टाकलास आणि उतरलास. उतारावर! हँडब्रेक नाही, काही नाही. आणि तू गं प्राप्ती, हसतेस काय? तुम्हा पनवेलच्या पोरांना वाटतं, गाडीला क्लच नाही म्हणजे डोकंही लागत नाही.

ऐका मग. ऐकीव गोष्ट नाही, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाचं झालेलं सांगतो. बोर्लीच्या रस्त्याला मोरूचं गॅरेज आहे बघा, त्या मोरूचं. मध्ये बोलू नका, मला आवडत नाही.

मोरूचे आईबाप तो लहान असतानाच गेले. गॅरेज तेव्हा कोंडाजीनानांचं; त्यांनी त्याला घरी आणलं, आणि ठमाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. नानांची उमर मुंबईत गिअरबॉक्स खोलण्यात गेलेली. गावी परतले तेव्हा जुन्या ऑटोमॅटिकला, म्हणजे बिनक्लचच्या गाडीला हात लावणारा तालुक्यात तोच एक माणूस. त्यांची काम करायची पद्धतही न्यारी. ऑटोमॅटिकचा आजार एकट्यानं शोधायचा नाही, दोघं लागतात म्हणायचे. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. म्हणून मोरू गाडी चालवायचा आणि नाना शेजारी डोळे मिटून बसायचे. गिअर आपला आपण बदलतो, अंगाला नुसता एक हलका हिसका कळतो. नाना ते हिसके मोजत. एक… दोन… तीन. कुठं उशीर झाला, कुठं धक्का बसला, की डोळे उघडून आजार सांगायचे. चुकले असे मला आठवत नाही.

दोन वर्षांमागं दिवाळीत नाना गेले. ताप आला आणि चार दिवसांत कारभार आटोपला. मोरू अगदी पोरका झाला. गॅरेज उघडायचा, पण ऑटोमॅटिक आली की परत पाठवायचा.

श्रीवर्धनच्या सुचिता डॉक्टरीणबाईंना मात्र तो नाही म्हणू शकला नाही. बाईंचा डावा गुडघा अधू, क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांची ती जुनी ऑटोमॅटिक. गाडी गरम झाली की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढं सरकायची नाही. मोरूनं इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची पट्टी ओढली, तेल बघितलं. लालभडक, करपल्याचा वास नाही. तरी बदललं. फिल्टरही बदलला. आजार तसाच. बाईंना सकाळी आईला घेऊन मुंबईला निघायचं होतं. रात्री तरी रस्ता मोकळा मिळेल म्हणून मोरू एकटाच गाडी काढून दिघीच्या दिशेनं निघाला. त्या दिवाळीनंतरची मार्गशीर्ष अमावास्या. रात्रीचे साडेदहा वाजलेले.

गावाबाहेर पडल्यावर पहिल्यापासून गिअर बघायला त्यानं गाडी थांबवून पुन्हा काढली, तसा पहिला हिसका बसला. आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला.

"एक…"

मोरू मला नंतर म्हणाला, काका, मी घाबरलो न्हाय. मला रडायला आलं. शेजारी बघितलं न्हाय, म्हणाला. बघितलं आणि कुणी नसलं तर काय करू?

"दोन…"

मग इंजिन ओरडत राहिलं. बऱ्याच वेळानं तिसरा पडला.

"तीन. उशीर. तेलाचं न्हाय रं… केबल बघ."

मोरूनं गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, बॅटरी मारली. ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल ढिली पडलेली. त्यानं ती ताणून बसवली. पुन्हा गाडी काढली, तर एक, दोन, तीन, सगळे जागच्या जागी. बाईंचं काम झालं होतं. तिथूनच फिरायचं होतं त्यानं.

नाही फिरला. किती दिवसांनी माणूस भेटलेलं! तो बोलत सुटला. ठमाबाईंच्या खोकल्याचं सांगितलं, गॅरेजच्या पत्र्याचं सांगितलं, तुमच्याशिवाय मला जमत न्हाय नाना, तेही सांगितलं. शेजारून एवढंच यायचं, पुढं चल. वळायची जागा मागं गेली. पुढं चल. दिघी आली. पुढं चल.

जेट्टीवर चिटपाखरू नव्हतं. शेवटची फेरीबोट केव्हाच खाडीपलीकडे आगरदांड्याला गेलेली. अमावास्येचं उधाण, पाणी जेट्टीच्या उतारावर चढत होतं. गाडीचं तोंड खाडीकडे.

"थांब. खालनं आवाज येतोय. बघ."

मोरूनं दांडा पीवर टाकला. हँडब्रेकची तार त्या गाडीला नावापुरतीच होती. तो उतरला आणि चाकाला लावायला दगड शोधू लागला. कारण नानांचा कायदा होता, उतारावर नुसत्या पीच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. मोरू एकदा लहानपणी गेला होता. नानांनी गिऱ्हाइकादेखत त्याला बदडला, आणि मग त्या रात्री स्वतःच जेवले नाहीत. असा माणूस.

मोरू दगड शोधतोय… आणि आतून आवाज आला.

"राहू दे दगड. मी हाय ना."

…

मोरू गाडीखाली गेला.

अंधार. पाठीखाली ओलं सिमेंट. वर गरम गिअरबॉक्स. त्यानं कान दिला.

कसलाच आवाज नव्हता.

मग झाला. एकच. कट…

गाडी हलली. मोरू कुशीवर वळला. अंग निघालं. पाय राहिला. मागचं चाक पायावर चढलं… आणि तिथंच थांबलं.

पाणी वर येत होतं. आधी कमरेला. मग छातीला. मोरू ओरडला. नाना, गाडी पुढं घ्या. नाना…

आतून काही नाही.

एक लाट त्याच्या तोंडावरून गेली.

"एक…" आतून आवाज आला. शांत. डोळे मिटून बसल्यासारखा.

दुसरी लाट.

"दोन…"

दिघीचे कोळी जवळच नांगरलेल्या होडीत निजले होते म्हणून तो वाचला. ओरडणं ऐकून ते धावले. गाडी ढकलून मागं घेऊ म्हणाले, तर चाकं घट्ट. जॅक लावून उचलावी लागली. आत बघितलं तर दांडा पीवर, आणि पी पक्का लागलेला. मग ती गाडी सरकली कशी? मला विचारू नका.

मी इस्पितळात गेलो. पायात सळई घातली होती, पण मोरू पायाचं नाव काढत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवत नव्हता. म्हणाला, "भूत म्हणून दुसरं कुणीबी मारायला आलं असतं, तर चाललं असतं मला. ज्यानं दगड लावायला शिकवलं, त्यानंच दगड ठेवू दिला न्हाय. काका, मी काय वाकडं केलं त्याचं?"

मी त्याला सांगितलं, ते नाना नव्हतेच. जेट्टीवर नाही नाही ते असतं, त्यानं नानांचा आवाज घेतला. मोरू माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "व्हय. नाना न्हवते ते." आणि त्या दिवशी पेज प्यायला. मलाही ते पटलं होतं. अगदी खरंच पटलं होतं.

तो घरी आल्यावर ठमाबाईंनी मला बोलावून घेतलं. मोरू पालथा झोपला होता. त्यांनी त्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. खाली, बरोबर मणक्यावर, एक तांबडा ठिपका. ऑइलपेंटचा.

तुम्हाला कुठून माहीत असणार? जुन्या ऑटोमॅटिकचे सुटे भाग आता मिळत नाहीत. नाना भंगारातून चांगला भाग निवडायचे आणि त्यावर तांबड्या रंगाचं बोट टेकवून फळीवर ठेवून द्यायचे. तो भाग विकायचा नाही, कुणी हात लावायचा नाही. नानांना लागेल तेव्हा नाना घेणार.

मोरूला मान दिसत नाही. ठमाबाई त्याला सांगतात, कसलंसं पुरळ आहे, हात लावू नको. थिनर लावून झालं, रॉकेल लावून झालं. दोन वर्षं ती बाई रोज सकाळी पदरानं तो ठिपका पुसते, आणि रोज तिच्या पदराला तांबडं लागतं…

रंग अजून ओला आहे.