बुधवारी न येणारा

"माझा नवरा जाऊन आठ महिने झाले," शिक्षिका म्हणाली, "आणि तो रोज सकाळी अकराला एक चित्र उतरवून घेतो."

दादाने वहीतून मान वर केली. डोकं धाकट्या बहिणीचं, वही त्याची, असा दोघांचा शोधाचा धंदा होता. बहिणीला सगळे ताई म्हणत, दादासुद्धा.

शिक्षिकेने नवऱ्याचा मोबाइल पुढे केला. मोबाइल-लॅपटॉपच्या पडद्यावर लावायची चित्रं फुकट देणाऱ्या वेबसाइटचे मेल त्याच्या पत्त्यावर येत होते: आजचं चित्र घेतल्याबद्दल आभार. मेलची वाट पाहायला ती अकराला घरीच थांबे, शाळेतही जात नसे. फक्त बुधवारी मेल येत नसे, त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. सोमवारी शाळेत हजर झाली नाही, तर नोकरी जाणार होती.

पासवर्ड फक्त दिराला ठाऊक होता, नवऱ्याचा लॅपटॉपही त्याच्याकडेच गेला होता. दादाच्या लेखी चोर सापडला.

वेबसाइटवाला एका कोंदट खोलीत बसे. तो म्हणाला, एकदा आत आलेल्या यंत्रावर खूण राहते, मग पासवर्ड विचारत नाही. आवडीनिवडीची मात्र बारीक नोंद ठेवतो, तिच्यावरून रोजचं चित्र आपोआप निवडलं जातं. रोज चित्र घेणाऱ्या यंत्राचा पडदा नोंदीप्रमाणे मोबाइलहून मोठा, लॅपटॉपहून लहान होता.

"माणूस गेला, हे तुम्हाला कसं कळतं?" ताईने विचारलं.

"कळत नाही," तो ओशाळला. "आमच्याकडे कुणी मरतच नाही."

दादाने ते वहीत टिपून घेतलं.

मग दोघं दिराच्या घरी गेले; त्याने तोंड वाकडं करून उत्तरं दिली. लॅपटॉप केव्हाच पुसून विकला होता. रोज सकाळी तो दुकानात असे. बुधवारी दुकान बंद ठेवून वडिलांना पायांच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेई. वडील आत पलंगावर होते. उशाशी औषधं आणि टेकवलेला जुना टॅबलेट, त्यावर घड्याळाचे मोठे आकडे. दादाने त्यात वेळ पाहिली आणि निघायची घाई केली.

ताईने मात्र शिक्षिकेलाच तिथे बोलावून घेतलं.

"पासवर्ड कुणाला माहीत, हेच आपण विचारत बसलो," ती म्हणाली. "तो लागतच नव्हता. लागत होतं ते यंत्र, ज्यातून तुमचे यजमान पूर्वी आत गेले होते. पडद्याचं माप टॅबलेटचं. दीर सकाळी घरी नसतातच. मग अकराला रोज घरात आणि फक्त बुधवारी बाहेर, असं कोण आहे?"

सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं.

"तो रोज अकराला येऊन यावरचं चित्र बदलायचा," म्हातारा हळूच म्हणाला. "आता मी नुसतं बोट लावतो. निवडतो तोच. सगळी त्याच्याच आवडीची येतात."

बायकोला वाटत होतं तो चित्र घेतो, बापाला वाटत होतं तो पाठवतो.

अर्ज केला तर वेबसाइटवाला सगळं पुसून टाकेल, पण ते सून-सासऱ्यांनी ठरवायचं, असं ताईने सांगितलं.

"पुसायला सांगा," शिक्षिका म्हणाली. म्हाताऱ्याने डोळे मिटले. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने टॅबलेट मांडीवर घेतला.

"बाबा, सोमवारपासून शाळा सुटली की मी इकडे येईन. चित्र मी बदलत जाईन."

"त्याला काय आवडायचं, लक्षात आहे तुझ्या?"

"आहे. पण मला तुमची आवड विचारायची आहे."

म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"समुद्र," तो म्हणाला. "त्याला नाही आवडायचा."