एकवीस फ्यूज

वीज कंपनीच्या चाचणी खोलीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. मीटरबाई म्हणायचे. बावीस वर्षं तिने एकच काम केलं. "आमचं मीटर पळतंय" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की त्याचं मीटर बाकावर लावायचं, चार तास तपासायचं आणि शेवटी सरळ तोंडावर सांगायचं, "मीटर बरोबर आहे." शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा हेच सांगावं लागे. गीझर घरातला कुणीतरी चालू ठेवलेला असतो आणि खापर फुटतं मीटरवर. लोक चिडायचे, वरपर्यंत जायची धमकी द्यायचे. ही शांतपणे पुढचं मीटर उचलायची.

त्यामुळे गाडीची बॅटरी लागोपाठ दुसऱ्यांदा सकाळी बसलेली निघाली, तेव्हा तिने गाडीला बोल लावला नाही, बाबांना लावला. बाबांना अलीकडे नवीनच खूळ लागलं होतं. संध्याकाळी खाली जाऊन बंद गाडीत मागच्या सीटवर बसायचे, चांगले दोन-दोन तास.

"घरात गळून गेल्यासारखं होतं गं," ते म्हणायचे. "इथे बसलं की तरतरी येते."

"बसा की. पण रेडिओ लावून ठेवू नका."

"मी रेडिओला हातसुद्धा लावत नाही."

"मग बॅटरी काय मी खाल्ली?"

बाबा हसायचे. त्यांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली होती आणि माणसांचा राग चार मजल्यांत उतरतो हे त्यांना ठाऊक होतं. मेकॅनिकने अल्टरनेटर गेला म्हणून नवा बसवून दिला. इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरत राहायची, एवढंच त्या अल्टरनेटरचं काम. तेवढंही त्याला पंधरा दिवस धड जमलं नाही.

खरी काळजी वेगळीच होती. बाबांच्या छातीत नऊ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला होता आणि आता त्याची बॅटरी संपत आली होती. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, बदलून घ्या. बाबांनी आज करू, उद्या करू म्हणत दिवस ढकलले. शेवटी मीटरबाईने स्वतःच मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलची वेळ घेतली, आजची, दुपारी दोनची. दोनशे चाळीस किलोमीटर जायचं होतं. सकाळी आठला बाबा मागे बसले, दार ओढून घेतलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "वर की खाली?"

"सरळ," ती म्हणाली आणि गाडी काढली.

नव्वद किलोमीटर झाले आणि समोरच्या पॅनलवर बॅटरीचा लाल दिवा लागला. एसी आधीच मंदावला होता. आता इंडिकेटरची टिकटिकही रेंगाळायला लागली. मीटरबाईने मनातल्या मनात त्या मेकॅनिकचा उद्धार केला. पुढे रस्त्याच्या कडेला तीन दुकानं दिसली. एक टायरचं, एक चहाचं आणि एक पत्र्याची शेड, तिच्यावर रंगाने लिहिलेलं: ऑटो इलेक्ट्रिशियन.

इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बॉनेट उघडून त्याने दोन मिनिटं नुसतं ऐकलं.

"अल्टरनेटर थकलाय, ताई."

"पंधरा दिवसांपूर्वी नवा बसवलाय."

"मग कुणीतरी त्याला थकवलंय. कुठेतरी करंटची गळती आहे."

हे बोलणं तिला पटलं. तिने पर्समधून करंट आणि व्होल्ट मोजायचं आपलं छोटं मीटर काढलं. ते बघून तो किंचित हसला आणि त्याने स्वतःचं हत्यार काढलं. दोन वायरींना जोडलेला एक साधा बल्ब. करंट असला की पेटतो, नसला की विझतो, बाकी आकडे त्याच्या कामाचे नव्हते. इंजिन बंद केलं, चावी काढली आणि बॅटरीच्या तारेत दोघांनी आपापलं लावलं. बल्ब पेटला. मीटरवर साडेचार अँपिअर आले. चावी काढलेल्या गाडीत दिसायला हवं त्याच्या जवळजवळ शंभरपट.

"फ्यूज काढत जाऊ एकेक," तो म्हणाला. "ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तिथे चोर."

पद्धत बरोबर होती, तिनेही तीच वापरली असती. तो फ्यूज उपसून एका पत्र्याच्या झाकणात ओळीने मांडत गेला. रेडिओ, हॉर्न, पंखा, दिवे.

"आता?"

"साडेचार."

"आता?"

"तेवढाच."

एकवीस फ्यूज झाले, पेटी रिकामी झाली. बल्ब तसाच जळत होता. त्याने अल्टरनेटरची जाड तारसुद्धा सोडवली. काही फरक नाही. गाडीत आता करंट जायला वाटच उरली नव्हती आणि तरी तो जात होता. इलेक्ट्रिशियनने कपाळावरचा घाम पुसला. मीटरबाईने मीटर काढून परत लावलं, हेही तिने बावीस वर्षांत फार क्वचित केलं असेल.

मागच्या सीटवर दार उघडं टाकून बाबा मजेत बसले होते. गालांवर चांगली लाली होती. "झालं का गं? मी जरा तोंड धुऊन येतो," असं म्हणत ते उतरले आणि शेडमागच्या नळाकडे गेले.

बल्ब विझला.

मीटरवर शून्य पूर्णांक शून्य शून्य.

"सापडला," इलेक्ट्रिशियन खूश होऊन म्हणाला. "दाराची वायर घासत असणार." त्याने मागचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. बल्ब काही पेटला नाही. तो सीटवर बसला, उठला. काही नाही. तेवढ्यात नळाकडून बादली कलंडल्याचा आवाज आला.

बाबा जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला. डोळे उघडे, ओठ जांभळे. हात धरला तर गार. दोघांनी त्यांना उचलून कसंबसं गाडीपर्यंत आणलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. तिने नाडी चाचपली, सापडेना.

बॉनेटपाशी बल्ब पेटला. आधीपेक्षा लख्ख.

इलेक्ट्रिशियन तिकडे बघत होता. ती उठून मीटरपाशी गेली. सव्वासहा. मग सहा. मग साडेपाच. मागे बाबांचा श्वास ऐकू यायला लागला होता. साडेचारवर आकडा थांबला आणि बाबांनी विचारलं, "कितवा मजला आला?"

इलेक्ट्रिशियनने बल्ब सोडवून खिशात घातला. एकवीसच्या एकवीस फ्यूज परत बसवले. आतून एक जुनी मोठी बॅटरी उचलून आणली, पुढच्या सीटच्या पायापाशी ठेवली आणि खिडकीतून जाड वायरी घेऊन गाडीच्या बॅटरीला जोडून दिली. हे सगळं करताना त्याने मागच्या सीटकडे एकदाही पाहिलं नाही.

"अल्टरनेटर माझ्याकडे नाही, उद्याशिवाय मिळणारही नाही," तो म्हणाला. "ही घेऊन जा, परत आणू नका. गाडी बंद करू नका. आणि त्यांना वाटेत खाली उतरवू नका."

"दादा, तुम्हाला काय वाटतं, हे काय आहे?"

"मला काही वाटत नाही, ताई. मला दुकान बंद करायचंय."

भर दुपारी पावणेबाराला त्याने शटर खाली ओढलं.

दीडशे किलोमीटर उरले होते. मीटरबाईने एसी बंद केला, पंखा बंद केला, फोनचा चार्जर काढून टाकला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये वायरी घालून मीटर समोर ठेवलं. बारा पूर्णांक चार व्होल्ट. काचा खाली केल्यावर गरम वारा आत आला. तिला भीती वाटत होती, आणि नेमकी कशाची हे स्वतःलाही सांगवत नव्हतं. पेसमेकरला लागतो तो करंट इतका बारीक असतो की तिच्या या मीटरवर तो दिसलाही नसता. साडेचार अँपिअर त्या एवढ्याशा डबीला लागत नाहीत. मग ते कशाला लागत होते?

"बाबा, गाडीत येऊन बसायला लागलात त्याला किती दिवस झाले?"

"तूच मोजतेस सगळं. तूच सांग."

तिने मोजले होते. आज एकोणिसावा दिवस.

जुनी असली तरी ती बॅटरी अडीच तास पुरायला हवी होती. पण मीटर ऐकेना. बारा. अकरा पूर्णांक आठ. बाबा आणखी करंट ओढायला लागले होते. रेल्वेच्या फाटकाशी गाडी अडकली तेव्हा अकरा चार होते. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. शेजारच्या गाडीतला माणूस उतरून काचेशी आला. "बाई, बंद करा की गाडी. धूर सगळा आमच्या नाकात जातोय." तिने नुसती नकारार्थी मान हलवली. तो काहीबाही बोलत राहिला. आगगाडी यायला अकरा मिनिटं लागली आणि ती मालगाडी निघाली. मीटरबाई डबे मोजत बसली, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"एवढी घाबरू नकोस," मागून बाबा म्हणाले. "लिफ्ट अडकली की लोक उगाच बटणं दाबत सुटतात. त्याने काही होत नाही."

"मग काय करायचं असतं?"

"एकमेकांचा हात धरून उभं राहायचं. कुणीतरी येतंच."

अकरा. दहा आठ. शहराच्या बाहेरची गोदामं दिसायला लागली. मीटर दहा तीनवर आलं तेव्हा इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. हॉस्पिटल अजून अकरा किलोमीटर होतं.

"बंद का केलीस गं?" बाबांनी विचारलं.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पस्तीस मिनिटं लागतील, पलीकडची बाई म्हणाली. मीटरबाई मागे जाऊन बाबांशेजारी बसली. त्यांचे ओठ पुन्हा जांभळे पडत होते. रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या, तिने हात केला, एकही थांबली नाही.

समोरचं मीटर उतरत होतं. सात. चार. दोन. मग त्याचा पडदाच कोरा झाला.

तिने काही विचार न करता फोन बाबांच्या मुठीत दिला. बासष्ट टक्के होते. बघता बघता चाळीस झाले. नऊ झाले. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. फोन काळा झाला. बाबांनी डोळे मिटले.

तिने मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या तळहातावर दाबलं. सेकंदकाटा एकदा थरथरला आणि थांबला. दोन वाजून सहा मिनिटं.

आता गाडीत काही उरलं नव्हतं. तिने सगळीकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं.

मग तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आधी खांदा जड झाला. मग दंडातून काहीतरी खाली सरकत गेलं, हळूहळू, आणि मनगटातून पलीकडे गेलं. दुखलं नाही. नुसता गारवा मागे राहिला.

बाबांनी श्वास घेतला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते उठून बसले होते. हिने त्यांचा हात सोडला नाही. गाडीत चढताना नाही, उतरताना नाही, हॉस्पिटलच्या खोलीतही नाही. टेक्निशियनने बाबांच्या छातीवर आपलं यंत्र धरलं, पडद्यावरचं वाचलं आणि पुन्हा धरलं.

"हा पेसमेकर तर केव्हाच बंद पडलाय," तो म्हणाला. "शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची आहे. पण यांचं हृदय तर छान चाललंय. डॉक्टरांना सांगतो, लगेच नवा बसवू." तो घाईने बाहेर गेला.

बाबांच्या गालांवर लाली होती. त्यांनी सिस्टरला विचारलं, "ऑपरेशन वर आहे की खाली?"

"वर, तिसऱ्या मजल्यावर," सिस्टर हसून म्हणाली. मग तिचं लक्ष मीटरबाईकडे गेलं. "ताई, तुम्ही किती पांढऱ्या पडलात. चक्कर येतेय का? हात सोडा बरं त्यांचा, बसा जरा."

"मला अशीच राहू द्या."

सिस्टरने नाडी दाखवणारा छोटा चिमटा तिच्या मोकळ्या हाताच्या बोटाला लावला. पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या. सिस्टरने तो झटकला आणि स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याहत्तर. बाबांच्या बोटाला लावला. बहात्तर. पुन्हा मीटरबाईच्या बोटाला लावला, या वेळी जरा दाबून.

दोन आडव्या रेघा.

"हे मशीन बिघडलंय वाटतं," सिस्टर म्हणाली. "दुसरं आणते."

मीटरबाईने त्या रेघांकडे नीट पाहिलं. मग बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली,

"मीटर बरोबर आहे, सिस्टर. तुम्ही यांना लवकर वर घ्या."